शेअर्ड होस्टिंगवरील जॉब क्यू

वेब ॲप्लिकेशनमधली वेळखाऊ कामे (ईमेल पाठवणे, पीडीएफ बनवणे, फोटो लहान करणे) वापरकर्त्याला ताटकळत न ठेवता मागाहून उरकण्याची व्यवस्था म्हणजे जॉब क्यू. स्वतंत्र सर्व्हरवर हे काम करणारा प्रोग्राम, म्हणजे वर्कर, अखंड चालू असतो आणि तो बंद पडलाच तर त्याच्यावर नजर ठेवणारा सुपरवायझर प्रोग्राम त्याला पुन्हा उठवतो. शेअर्ड होस्टिंगवर (जिथे एकच सर्व्हर अनेक ग्राहकांच्या साइट चालवतो) सहसा सुपरवायझर नसतो, क्यू मेमरीत ठेवणारे रेडिसही नसते आणि फार वेळ चालणारी प्रोसेस होस्ट मारून टाकतो. त्यामुळे इथला वर्कर अल्पायुषीच ठेवावा लागतो: क्रॉनने (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीने) त्याला दर मिनिटाला उठवायचे, त्याने साचलेली कामे उरकून स्वतःहून थांबायचे.

लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये त्यासाठी क्यू डेटाबेसमध्ये ठेवतात आणि वर्कर सुरू करणाऱ्या ‘क्यू:वर्क’ कमांडला ‘स्टॉप-व्हेन-एम्प्टी’ (कामे संपली की थांबणे) व ‘मॅक्स-टाइम’ ५० (५० सेकंदांनंतर थांबणे) हे पर्याय देतात. ५० सेकंदांची ही तपासणी दोन जॉबच्या मध्ये होते. तीन मिनिटांचा जॉब ती अर्ध्यात तोडत नाही. म्हणून क्रॉनच्या ओळीत ‘फ्लॉक’ या कुलूप लावणाऱ्या कमांडची जोड द्यावी, म्हणजे पहिला वर्कर चालू असताना दुसरा सुरू होत नाही. क्रॉनचा पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) तोकडा असतो, तेव्हा पीएचपीचा पूर्ण पत्ता लिहावा. साइट पीएचपीच्या एका आवृत्तीवर आणि क्रॉन दुसऱ्याच आवृत्तीवर चालणे ही इथली नेहमीची अडचण आहे. आउटपुट लॉग फाइलमध्ये वळवावे. ते टाकून दिले तर वर्कर सुरूच होत नाही हेही कळत नाही.

खरी जोखीम अर्धवट राहिलेल्या जॉबची. ५०० ईमेलचा एकच जॉब ३००व्या ईमेलला मारला गेला, तर ‘रिट्राय आफ्टर’ची, म्हणजे अपुरा जॉब पुन्हा उचलण्याआधीची मुदत (मूळ मूल्य ९० सेकंद) सरल्यावर तो पुन्हा उचलला जातो आणि ‘ट्राइज’ (प्रयत्नांची कमाल संख्या) १ पेक्षा जास्त असेल तर पहिल्या ईमेलपासून सुरू होतो. ३०० जणांना तोच ईमेल दोनदा जातो. यावर भरवशाचा उपाय म्हणजे दर ईमेलला वेगळा जॉब करणे आणि पाठवल्याची नोंद लगेच ठेवणे. ‘रिट्राय आफ्टर’ नेहमी ‘टाइमआउट’पेक्षा (एका जॉबला दिलेल्या कमाल वेळेपेक्षा) मोठे असावे. मात्र ‘टाइमआउट’ पीएचपीच्या पीसीएनटीएल या प्रोसेस-नियंत्रणाच्या एक्स्टेन्शनवर अवलंबून असते. होस्टने ते दिलेले नसेल तर अडकलेला जॉब तोडला जात नाही, म्हणून बाहेरच्या प्रत्येक एपीआय विनंतीला कोडमध्येच वेळमर्यादा घालावी.

अल्पायुषी वर्करचा एक मोठा फायदाही आहे. अखंड चालणारा वर्कर जुनाच कोड मेमरीत धरून बसतो, त्यामुळे नवा कोड चढवल्यावर वर्करला थांबवून पुन्हा सुरू व्हायला लावणारी ‘क्यू:रिस्टार्ट’ कमांड द्यावी लागते. इथे पुढच्या खेपेला उठणारा वर्कर आपोआप नवा कोड घेतो.