कन्सोल गेमचे रिव्ह्यू आणि स्कोअर

कन्सोल गेमचा रिव्ह्यू म्हणजे प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निन्टेन्डो असल्या मशीनवरचा गेम कुणीतरी शक्यतो रिलीजच्या आधी खेळून बघतो आणि मग तो कसा आहे, पैसे घालण्यासारखा आहे का, हे लिहून किंवा व्हिडिओत बोलून सांगतो ते. आणि त्या सगळ्याच्या शेवटी जो आकडा चिकटवलेला असतो तो स्कोअर. दहापैकी, शंभरपैकी, पाच स्टारपैकी, कुठे ए-बी-सी ग्रेड. खरं बघायला गेलं तर लिहिणाऱ्याची सगळी मेहनत त्या दोन हजार शब्दांत असते, पण बहुतेक लोक थेट खाली जाऊन आकडा बघतात आणि तिथेच भांडणाला सुरुवात करतात, त्यामुळे या नोंदीतही रिव्ह्यूपेक्षा आकड्याबद्दलच जास्त लिहावं लागतंय, इलाज नाही.

मासिकांचे दिवस

इंटरनेटच्या आधी हे सगळं छापील मासिकांत चालायचं. जपानमधलं फामित्सू १९८६ पासूनचं, आणि त्याची पद्धत अजूनही तीच आहे, चार जण एकच गेम खेळतात, प्रत्येक जण दहापैकी मार्क देतो आणि बेरीज चाळीसपैकी. पहिले चाळीसपैकी चाळीस मिळायला १९९८ उजाडलं, निन्टेन्डो ६४ वरच्या 'द लेजेंड ऑफ झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम'ला. नंतर 'सोलकॅलिबर' आणि 'व्हेग्रंट स्टोरी'. पुढे पुढे हे पूर्ण मार्क जरा सढळ हाताने मिळायला लागले अशी कुरबूर आहे आणि ती अगदीच खोटी नाही. जपानबाहेरच्या गेमला मात्र हा मान २०११ च्या 'स्कायरिम'पर्यंत मिळाला नव्हता.

अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथलीनेही अनेक समीक्षकांचे वेगवेगळे मार्क शेजारी शेजारी छापायची पद्धत चालवली. ही पद्धत मला स्वतःला सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण एकाने ९ दिले आणि शेजारच्याने ६, हे वाचकाला डोळ्यांनी दिसतं, एका गुळगुळीत सरासरीखाली झाकलं जात नाही. ब्रिटनचं एज मासिक १९९३ मध्ये सुरू झालं आणि कंजूष म्हणूनच प्रसिद्ध झालं, तिथे ५ म्हणजे खरंच मध्यम, पहिला १० त्यांनी १९९६ साली 'सुपर मारिओ ६४'ला दिला. तेव्हा ग्राफिक्सला इतके, साउंडला इतके असे तुकड्यातुकड्याने मार्क द्यायचीही फॅशन होती, ती हळूहळू गेली ते बरंच झालं, कारण साउंड ७ आणि मजा ९ यांची बेरीज करून कुणाला काय कळणार?

सातच्या खाली कुणी जातच नाही

स्केल कागदावर १ ते १० असते, वापरात ६ ते १०. आयजीएन या गेमिंग साइटच्या स्वतःच्या तक्त्यात ७ म्हणजे 'चांगला', पण फॅन लोकांच्या हिशोबात ७ म्हणजे गेम पडला, ८ म्हणजे काठावर पास. याला समीक्षक घाबरतात किंवा विकले गेलेत असं एकच कारण देऊन लोक मोकळे होतात, पण त्यापेक्षा साधी कारणं आहेत. एकतर रिलीज होणारा प्रत्येक गेम कुणी रिव्ह्यू करत नाही, हात मोजके असतात, मग ज्याबद्दल लोकांना उत्सुकता आहे तेच गेम निवडले जातात आणि अगदी भंगार गेम आधीच गाळले जातात. दुसरं, शेकडो माणसं काही वर्षं राबून बनवलेला मोठ्या बजेटचा गेम रटाळ असू शकतो, पण निदान धड चालतो तरी (नेहमी नाही, ते पुढे येईलच). आणि तिसरं, फुटबॉलचा गेम फुटबॉलप्रेमी माणसालाच देतात, जपानी आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन खेळायचे कथाप्रधान गेम) त्याच्या भक्ताला, म्हणजे ज्याला तो प्रकारच आवडत नाही त्याचं मत स्कोअरमध्ये येतच नाही.

यातून गमतीही होतात. २००६ मध्ये गेमस्पॉट या साइटने निन्टेन्डोच्या वी या कन्सोलवरच्या 'ट्वायलाइट प्रिन्सेस' या झेल्डा गेमला ८.८ दिले आणि फॅन लोकांनी असा गोंधळ घातला की ८.८ हा आकडाच एक विनोद होऊन बसला. २०१४ मध्ये आयजीएनने 'पोकेमॉन ओमेगा रुबी' आणि 'अल्फा सफायर'ला ७.८ दिले आणि उणिवांच्या यादीत लिहिलं की पाणी फार आहे. तीन शब्दांची उणीव, पण 'पाणी फार आहे, ७.८' हे मीम अजून मेलेलं नाही. मुद्दा तसा बरोबर होता बरं का, त्या गेमच्या उत्तरार्धात खरंच समुद्रच समुद्र आहे आणि पोहता पोहता तेच तेच पोकेमॉन आडवे येत राहतात, पण रिव्ह्यू कुणी वाचला?

मेटाक्रिटिक

२००१ मध्ये मेटाक्रिटिक सुरू झालं आणि खेळच बदलला. ही साइट स्वतः रिव्ह्यू करत नाही, बाकीच्यांचे स्कोअर गोळा करून त्यांची सरासरी काढते, त्याला मेटास्कोअर म्हणतात. निदान चार रिव्ह्यू आले की आकडा दिसतो, ७५ किंवा त्याच्या वर हिरवा, ५० ते ७४ पिवळा, त्याखाली लाल. ही साधी सरासरी नाही, कुठल्या प्रकाशनाला जास्त वजन आणि कुणाला कमी हे ते ठरवतात आणि ती वजनं जाहीर करत नाहीत. शिवाय सगळ्यांची स्केल ओढूनताणून शंभरात बसवायची असते, पाचपैकी चार स्टार म्हणजे ८० हे ठीक आहे, पण ग्रेड देणाऱ्याचा बी होतो ७५ आणि बी-मायनस होतो ६७, आणि बी-मायनस देणाऱ्याच्या मनात ६७ असेलच असं काही नाही. ओकारिना ऑफ टाइम ९९ वर सगळ्यात वर बसलाय, त्याच्याखाली ९८ वर 'टोनी हॉक्स प्रो स्केटर २', 'ग्रँड थेफ्ट ऑटो ४' आणि ड्रीमकास्ट या जुन्या कन्सोलवरचा सोलकॅलिबर. गेमरँकिंग्स नावाची अशीच एक साइट याच्याही आधीपासून होती, ती २०१९ च्या शेवटी बंद झाली, आणि २०१५ पासून ओपनक्रिटिक आहे जे सगळ्यांना सारखंच वजन देतं.

कन्सोलवाल्यांसाठी मेटाक्रिटिकची एक गोष्ट खरंच कामाची आहे, तोच गेम प्रत्येक मशीनसाठी वेगळा मोजला जातो. कन्सोलचा रिव्ह्यू पीसीपेक्षा जास्त भरवशाचा मानायचंही हेच कारण, समीक्षकाकडे जे मशीन आहे तेच तुमच्याकडे आहे, त्याचा फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो वेग) गचके खात असेल तर तुमचाही खाणार. हल्ली हेही पातळ झालंय म्हणा, एकाच पिढीत साधं मॉडेल, प्रो मॉडेल, परत गेममध्ये परफॉर्मन्स मोड आणि क्वालिटी मोड, त्यामुळे रिव्ह्यू नक्की कशावर खेळून लिहिलाय ते बघावं लागतं.

आकड्यावर लागलेले पैसे

वाचकाच्या सोयीसाठी काढलेला आकडा पुढे करारांत शिरला. २०१० चा 'फॉलआउट: न्यू व्हेगास' ऑब्सिडियन या स्टुडिओने बेथेस्डा या पब्लिशरसाठी बनवला, मेटास्कोअर ८५ आला तर बोनस अशी अट होती आणि एक्सबॉक्स ३६० वर आला ८४. एका मार्काने बोनस हुकला हे ऑब्सिडियनच्या ख्रिस अॅव्हेलोनने २०१२ मध्ये सांगितलं तेव्हा लोकांना पहिल्यांदा कळलं की आपण ज्यावरून टाइमपास भांडतो त्यावर कुणाचं घर चालतंय. त्याच वर्षी एका कोर्ट केसमुळे बंजी हा स्टुडिओ आणि अॅक्टिव्हिजन हा पब्लिशर यांचा करार उघड झाला, त्यात 'डेस्टिनी'ला गेमरँकिंग्सवर ९० मिळाले तर २५ लाख डॉलरचा बोनस लिहिलेला होता. २०१४ मध्ये डेस्टिनी आला आणि स्कोअर सत्तरीतच अडकला. म्हणजे समीक्षकाने बसल्या बसल्या ८ च्या जागी ७.५ लिहायचं आणि तिकडे ज्याने कोड लिहिला त्याचा खिसा हलका. यात समीक्षकाचा दोष नाही, अट घालणाऱ्याचा आहे, असं माझं मत.

उलट बाजूने दबाव येतो तो जाहिरातींतून. गेमबद्दल लिहिणाऱ्या साइट पोसल्या जातात गेम कंपन्यांच्याच जाहिरातींवर, हे या धंद्याचं जुनं दुखणं. नोव्हेंबर २००७ मध्ये गेमस्पॉटने जेफ गर्स्टमन या आपल्या जुन्या समीक्षकाला काढलं, त्याच्या थोडंच आधी त्याने 'केन अँड लिंच: डेड मेन'ला ६ दिले होते आणि त्याच गेमच्या जाहिरातींनी साइट भरलेली होती. साइटने तेव्हा संबंध नाकारला. गर्स्टमनने २००८ मध्ये जायंट बॉम्ब नावाची साइट काढली, २०१२ मध्ये गेमस्पॉटच्या मालक कंपनीनेच ती विकत घेतली आणि मग कुठे त्याला बोलायची मोकळीक मिळाली, तेव्हा त्याने सांगितलं की जाहिरातदार नाराज होतील या भीतीनेच वरिष्ठांनी आपल्याला काढलं.

एम्बार्गो आणि रिव्ह्यू कॉपी

पब्लिशर रिलीजच्या काही दिवस आधी रिव्ह्यू कॉपी किंवा डाउनलोड कोड पाठवतो आणि सोबत एम्बार्गो, म्हणजे अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत काही छापायचं नाही. ऐकायला वाईट वाटतं, पण याचा फायदाही आहे, नाहीतर जो सगळ्यात आधी छापेल त्याला सगळे व्ह्यूज आणि साठ तासांचा गेम दहा तास खेळून लिहायची शर्यत लागेल. तरी कोड आयत्या वेळी आला तर लांबलचक गेम दोन रात्रीत संपवून लिहायची वेळ येतेच, आणि ऑनलाइन गेमचे सर्व्हर आधी चालूच नसतात म्हणून 'रिव्ह्यू अजून चालू आहे' असा अर्धवट लेख टाकावा लागतो. खरी शंका घ्यायची ती एम्बार्गो रिलीजच्या नंतर सुटत असेल तेव्हा. नोव्हेंबर २०१४ मध्ये 'असॅसिन्स क्रीड युनिटी' अमेरिकेत विक्रीला आल्यावर काही तासांनी रिव्ह्यू बाहेर पडले, तोवर लोकांनी घेऊन झाला होता, आणि मग बगचा पाऊस.

सगळ्यात मोठा किस्सा 'सायबरपंक २०७७'चा. १० डिसेंबर २०२० च्या रिलीजआधी समीक्षकांना फक्त पीसी व्हर्जन दिलं, स्वतःचं फुटेज वापरायला बंदी, त्यामुळे रिलीजआधीचे सगळे कौतुकाचे रिव्ह्यू पीसीचे आणि पीसीचा मेटास्कोअर ८६. मग लोकांनी साध्या प्लेस्टेशन ४ वर आणि एक्सबॉक्स वनवर डिस्क घातली तर गेम धड उभाच राहीना, नंतर आलेले कन्सोलचे स्कोअर पार खाली, आणि आठवड्याभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढून टाकला तो पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये परत आला. गेम बनवणाऱ्या कंपनीत लोकांचे बोनस रिव्ह्यू स्कोअरला बांधलेले होते, ती अटही मागे घ्यावी लागली.

खेळणाऱ्यांचे स्कोअर

मेटाक्रिटिकवर सामान्य खेळाडूंचाही वेगळा स्कोअर असतो, दहापैकी. विचार चांगला, पण राग काढायला लोक झुंडीने येऊन शून्य देऊन जातात, याला रिव्ह्यू बॉम्बिंग म्हणतात. जून २०२० मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' आला, समीक्षकांकडून ९३, आणि पहिल्याच दिवसापासून शून्यांचा मारा, जेव्हा गेम संपवायलाच वीसेक तास लागतात. महिन्याभरात मेटाक्रिटिकने नियम आणला की गेम आल्यावर ३६ तास यूजर रिव्ह्यू टाकताच येणार नाही. त्याने झुंड थांबत नाही, फक्त दीड दिवस वाट बघते.

पॅच आला, स्कोअर तिथेच

डिस्कवर जे आलं तेच कायम असायचं तेव्हा एकदाच दिलेला स्कोअर चालून जायचा. आता पॅच, म्हणजे दुरुस्तीचे अपडेट, येऊन गेम वर्षानुवर्षं बदलत राहतो आणि मेटाक्रिटिक मात्र प्रकाशनाचा पहिलाच स्कोअर धरतं, नंतर बदलला तर धरत नाही. २०१६ मध्ये 'नो मॅन्स स्काय' प्लेस्टेशन ४ वर ७१ वर राहिला, पुढे वर्षानुवर्षं फुकट अपडेट येऊन तो ओळखू येणार नाही इतका सुधारला, आकडा तोच. पॉलिगॉन या साइटने स्कोअर बदलून बघायचा प्रयोग केला, पीसीवरच्या 'सिमसिटी'ला २०१३ मध्ये ९.५ दिले, सर्व्हर कोसळले तसे ८, मग ४, मग सावरल्यावर ६.५. प्रामाणिक होतं, पण सगळ्यांनी टिंगलच केली.

काहींनी आकडाच काढून टाकला. युरोगेमर या साइटने फेब्रुवारी २०१५ मध्ये दहापैकी मार्क बंद करून 'घ्याच', 'घ्यायला हरकत नाही', 'टाळा' अशा अर्थाचे शिक्के सुरू केले, आणि बरेचसे रिव्ह्यू शिक्क्याविनाच. लिखाण वाचायची सवय लागेल ही आशा होती. २०२३ मध्ये त्यांनी पाच स्टारच्या रूपात स्कोअर परत आणला.