कोरेखिदोर आणि रेखिदोर : एकाच नगरसभेतले दोघे

कास्तील, म्हणजे स्पेनमधले मोठे राज्य. त्याच्या शहरांचा सोळाव्या-सतराव्या शतकातला इतिहास वाचताना कोरेखिदोर आणि रेखिदोर या दोन पदांची गल्लत हमखास होते.

कोरेखिदोर हा राजाने पाठवलेला. तो परगावचाच असावा असा नियम. मुदत कागदोपत्री एक वर्ष, प्रत्यक्षात बरेचदा वाढवलेली. नगरसभेचे अध्यक्षपद आणि न्यायदान दोन्ही त्याच्याकडे. स्वतः कायदा शिकलेला नसेल, तर तो शिकलेला दुय्यम सोबत ठेवी. पगार मात्र शहराच्याच तिजोरीतून. मुदत संपली की ३० दिवस जागेवर थांबून लोकांच्या तक्रारींना उत्तर द्यायचे. ही चौकशी कागदावर कडक वाटते, पण ती बहुधा त्याच्या जागी आलेलाच करी, आणि उद्या आपलीही हीच पाळी आहे हे त्याला पक्के ठाऊक असे.

रेखिदोर हा त्याच गावच्या वजनदार घराण्यातला, सभेत मत देणारा, तहहयात सभासद. १३४५ मध्ये कास्तीलचा राजा अकरावा आल्फोन्सो याने बुर्गोस शहरात असे १६ जण नेमले. आजचा नगरसेवक डोळ्यांसमोर आणू नका. हा निवडून येत नसे. त्याचे पद आपल्याकडच्या वतनासारखे घराण्यात फिरे. पद दुसऱ्याच्या नावे सोडता येई, पण सोडणारा त्यानंतर २० दिवस जगला पाहिजे. आधी मेला, तर पद राजाकडे. त्यामुळे मृत्युशय्येवर घाईने केलेला कागद वाया जाई. पुढे जादा रक्कम भरून ही अटही उठवून घेता येऊ लागली. पैशाच्या चणचणीत राजानेच नवी पदे काढून विकली.

म्हणून ‘कोरेखिदोर म्हणजे राजा, रेखिदोर म्हणजे शहर’ ही मांडणी फसते. कोर्तेसमध्ये, म्हणजे राज्याच्या प्रतिनिधी-सभेत, १८ शहरांचे दोन-दोन प्रतिनिधी बसत, आणि त्यांत रेखिदोरांचा भरणा असे. १५९० चा ‘मियोनेस’ कर, सहा वर्षांत ८० लाख दुकात (तेव्हाचे चलन), या शहरांच्या संमतीशिवाय बसवता आला नाही. ती संमती मिळवायला कोरेखिदोरला हुकूम पुरत नसे. एकेका रेखिदोराची मनधरणी करावी लागे, आणि त्या बदल्यात राजाकडून पदे, पेन्शन, मानमरातब मिळवून द्यावे लागत.

बार्सिलोनाच्या १६०० च्या कागदांत मात्र कोरेखिदोर शोधू नका. बार्सिलोना ज्यात येते त्या, कास्तीलबाहेरच्या कातालोनियात तो १७१६ नंतरचा.

रेखिदोर राजाच्या बाजूने झुकला, तर गावही गप्प बसत नसे. १५२० मध्ये सेगोव्हियाच्या जमावाने रोद्रिगो दे तोर्देसियासला ठार केले. तो त्यांच्याच शहराचा रेखिदोर होता. कोर्तेसमध्ये त्याने राजाच्या करमागणीला मत दिले होते.