मोडलेला पाय आणि डॉक्टरवरचा दावा

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटसमोर संमतीपत्र येते. तो न वाचताच सही करतो आणि कागद फाइलला लागतो. या सहीमुळे आपण कायद्याच्या कचाट्यातून सुटलो, असे अनेक डॉक्टरांना मनापासून वाटते. तो समज किती कच्चा आहे, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

बॅबिलोनच्या हम्मुराबीच्या संहितेत, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे १७५० मध्ये, हिशेब सरळ होता. शस्त्रक्रियेत प्रतिष्ठित माणूस दगावला किंवा त्याचा डोळा गेला, तर वैद्याचे हात तोडायचे. गुलाम दगावला, तर मालकाला दुसरा गुलाम द्यायचा. वैद्य चुकला की आजारच हाताबाहेर गेला होता, असे कुणी विचारत नव्हते. चौदाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मात्र न्यायाधीश वेगळे बोलू लागले होते. वैद्याने आपल्याकडून पूर्ण काळजी घेतली असेल, तर गुण आला नाही एवढ्यावरून त्याला दोषी धरता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. डॉक्टरांचा आजचा बचाव याच पायावर उभा आहे.

खरी गोष्ट सुरू होते ती इंग्लंडमध्येच, १७६७ मध्ये. स्लेटर नावाच्या माणसाचा पाय मोडला होता आणि हाड बरेचसे जुळून आले होते. पट्टी सोडायला म्हणून एका नावाजलेल्या सर्जनला बोलावले. त्याने रोग्याचा विरोध न जुमानता जुळलेले हाड पुन्हा मोडले आणि पायाला दात असलेले एक जड पोलादी उपकरण बसवले. ज्युरीने ५०० पौंडांची भरपाई दिली. न्यायालयाने त्यात दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, सर्जन मंडळींच्या रूढ पद्धतीला सोडून वागणे हा दोष आहे. दुसरी, आपल्यावर काय केले जाणार आहे हे रोग्याला आधी सांगायला हवे, म्हणजे त्याला धीर एकवटता येईल. तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती, हे ध्यानात घेतले की या वाक्याचे वजन कळते.

पुढची जवळपास अडीचशे वर्षे पहिली गोष्टच वरचढ ठरली.

अमेरिकेत १८३५ नंतरच्या काही दशकांत डॉक्टरांवरच्या दाव्यांची लाट आली, आणि त्यांतले कितीतरी दावे मोडलेल्या हातापायांचे होते. याचे कारण मला फार बोलके वाटते. पूर्वी वाईट मोडलेला पाय बहुधा कापूनच टाकत. पेशंट जगला तरी लोक समाधान मानत. मग वैद्यक सुधारले, पाय वाचू लागला, पण कधी आखूड, कधी वाकडा. कापलेल्या पायासाठी सहसा कुणी कोर्टात जात नसे, वाकड्या पायासाठी जाऊ लागले. उपचार जितके चांगले, तितकी अपेक्षा मोठी. अशाच एका खटल्यात अब्राहम लिंकन डॉक्टरांचे वकील होते. वयानुसार हाडे ठिसूळ होतात, हे त्यांनी ज्युरीला कोंबडीची हाडे मोडून दाखवले!

इंग्लंडमध्ये १८८५ मध्ये डॉक्टरांनी एकत्र येऊन ‘मेडिकल डिफेन्स युनियन’ काढली. एका डॉक्टरला खोट्या आरोपावरून तुरुंगात जावे लागले होते, त्याची ती प्रतिक्रिया होती. पुढे अशा दाव्यांसाठीचा विमा आला. १९७० च्या दशकात अमेरिकेत त्याचे हप्ते इतके भडकले, की १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाने वेदना आणि मनस्तापाच्या भरपाईवर अडीच लाख डॉलरची मर्यादा घातली.

इंग्लंडमधल्या १९५७ च्या बोलॅम खटल्यात पेशंटला मानसिक आजारावरचा उपचार म्हणून, स्नायू सैल करणारे औषध न देता विजेचे झटके दिले होते आणि त्याची खुब्याची हाडे मोडली. पण जाणकार डॉक्टरांचा एक जबाबदार गट तसेच करत होता, म्हणून निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही. थोडक्यात, डॉक्टरची परीक्षा डॉक्टरच घेणार! हे अनेकांना खटकत राहिले. १९९७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने, तज्ज्ञांचे मत तर्काला धरून असायला हवे, अशी दुरुस्ती केली.

आणि मग २०१५. मधुमेह असलेल्या, लहान चणीच्या एका गरोदर बाईला बाळाचे खांदे अडकण्याचा धोका ९ ते १० टक्के होता. सांगितले तर ती सिझेरियन मागेल, म्हणून डॉक्टरने तो सांगितला नाही. खांदे अडकले आणि बाळाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा होऊन येणारे अपंगत्व, आले. खालच्या कोर्टांत हरलेली ती आई ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकली. डॉक्टर मंडळींत काय रूढ आहे यापेक्षा या पेशंटला काय महत्त्वाचे वाटेल, हे तिथे निर्णायक ठरले. १७६७ मधली दुसरी गोष्ट अखेर कामी आली.

अनेक डॉक्टर ज्या कागदाच्या भरवशावर राहतात, त्याबद्दलही हा निकाल बोलतो. न समजणाऱ्या तांत्रिक माहितीचा मारा करून कर्तव्य पुरे होत नाही, आणि शिरस्त्याने संमतीपत्रावर सही घेऊन तर नाहीच.