आवाजशोध : हालचाल, कल्पना आणि पुराणकथा

देहाची हालचाल, मनातले चित्र आणि पुराणकथेतला प्रसंग यांच्या आधाराने स्वतःच्या आवाजाचा पूर्ण पल्ला धुंडाळण्याची पद्धत. सूर अचूक लावणे हा येथे पहिला हेतू नसतो. नट आणि गायक ती वापरतात. गाणे न शिकलेल्यांनाही ती जमते.

पहिल्या महायुद्धात लढलेल्या आल्फ्रेड वोल्फझोन (१८९६–१९६२) या जर्मन तरुणाच्या कानांतून मरणाऱ्या सैनिकांच्या किंकाळ्या युद्ध संपल्यावरही जाईनात. उपचारांनी गुण येईना, तेव्हा त्याने तेच आवाज स्वतःच्या गळ्यातून काढून पाहिले. पुढे लंडनमध्ये त्याने याच वाटेवर शिष्य घडवले. त्यांतल्या रॉय हार्टची (१९२६–१९७५) नाट्यमंडळी नंतर दक्षिण फ्रान्समधील मालेरार्ग येथे स्थिरावली. ब्रिटिश संगीतकार पीटर मॅक्सवेल डेव्हिस यांनी ‘एट साँग्ज फॉर अ मॅड किंग’ ही १९६९ मधली रचना हार्टच्या आवाजासाठी लिहिली.

हालचालीचा उपयोग का होतो, हे स्वरयंत्राच्या जागेवरून कळते. ते जिभेच्या मुळाशी असलेल्या नालाच्या आकाराच्या हाडाला टांगलेले असते, आणि ते हाड दुसऱ्या कोणत्याही हाडाला सांध्याने जोडलेले नाही. सगळा भार स्नायूंवर असल्याने जबडा आवळला, मान पुढे आली की स्वरयंत्रही ओढले जाते. शिवाय त्याच्या आतले स्नायू थेट हुकूम ऐकत नाहीत. ‘गळा मोकळा सोड’ म्हटले की माणूस बहुधा जीभच खाली दाबतो. म्हणून आडवाटेने जावे लागते.

सुरुवात जमिनीवर उताणे पडून, गुडघे वर घेऊन करावी. दहा मिनिटे फक्त श्वास, मग ओठ मिटून ‘म्’चा गुंजारव. त्यानंतर उभे राहून हात सैल झुलवत ‘ओ’वर वरून खाली घसरता स्वर घ्यावा. भिंत ढकलत आवाज काढण्याचा सराव जपून द्यावा : जोर लावताना छाती स्थिर ठेवण्यासाठी स्वरतंतू आपोआप घट्ट मिटतात. हवा निसटणाऱ्या फुसक्या आवाजाला त्याने धार येते. आधीच दाबून गाणाऱ्याचा दोष मात्र बळावतो.

कल्पना नेमकी हवी. ‘आवाज हवेत तरंगू दे’ या सूचनेने स्वर नुसता पोकळ होतो. ‘नदीपलीकडच्या नावाड्याला हाक मार, मध्ये धुके आहे’ म्हटले की अंतर, दिशा आणि गरज तिन्ही मिळतात आणि श्वास आपसूक पुरेसा घेतला जातो.

पुराणकथा अनेक चित्रांना एका वाटेवर आणते, आणि गळ्याला जे एरवी लाजिरवाणे वाटते ते करायची मुभा देते. सुमेरियन देवी इनान्नाच्या पाताळयात्रेवर असा सराव बांधता येतो. सात दरवाजांवर ती अंगावरची एकेक वस्तू उतरवते. गाणाऱ्याने साधी ओळ घेऊन दर दरवाजाला एक गोष्ट सोडावी : शब्द, मग व्यंजने, ताल, कंप, जोर, स्वराची उंची आणि शेवटी आवाजच. उरतो श्वास. प्रत्येक दरवाजासाठी आठ-दहा पावले चालावे. परतताना तोच क्रम उलटा.

चूक बहुधा शेवटच्या दरवाजावर होते. श्वासाऐवजी जोरकस कुजबुज सुरू होते आणि गळा ताणला जातो. दुसरी चूक घाईची : परतीचा प्रवास उरकला की शब्द जुन्याच सवयीने म्हटले जातात आणि उतरण्याचा काही उपयोग राहत नाही. कोणी हेलावले तर मार्गदर्शकाने कथा थांबवावी, डोळे उघडे ठेवून खोलीतल्या वस्तूंची नावे साध्या आवाजात घ्यायला सांगावी. हा मानसोपचार नव्हे. खणून काढण्याचा मोह आवरावा.

खरखरीत किंवा किंचाळते आवाज एका वेळी तीन-चारदाच काढावेत, मग मिनिटभर ओठांची फुरफुर करून गळा सैलावावा. खाजेसारखी टोचणी हा थांबण्याचा इशारा. घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांहून जास्त टिकल्यास कान-नाक-घसातज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे.