परवानगी प्रक्रियेचे आरेखन : नागपूरची बांधकाम परवानगी

अर्ज कचेरीत शिरल्यापासून मंजुरी हातात पडेपर्यंत तो कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर जातो, कुठे थांबतो आणि कुठून मागे फिरतो, हे ठरावीक खुणांनी कागदावर मांडणे म्हणजे परवानगी प्रक्रियेचे आरेखन. व्यवस्थापनशास्त्रात याच पद्धतीला ‘व्यवसाय प्रक्रिया प्रतिमानन’ असे भारदस्त नाव आहे. आकृती प्रामाणिकपणे काढली की वेळ कुठे जातो ते दिसू लागते. बहुतेक वेळा तो कोणी काम करत असताना जात नाही; फाईल ट्रेमध्ये पडून असताना जातो.

कामाचे टप्पे खुणांनी मांडण्याची पद्धत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन दांपत्याने १९२१ मध्ये अभियंत्यांच्या सभेत मांडली. आज वापरात असलेली ‘बीपीएमएन’ ही चिन्हलिपी २००४ मध्ये आली, तिची दुसरी आवृत्ती २०११ मध्ये निघाली आणि २०१३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. लिपी सोपी आहे. बारीक रेषेचे वर्तुळ म्हणजे आरंभ, जाड रेषेचे म्हणजे शेवट. गोलसर कोपऱ्यांची चौकट म्हणजे काम, शंकरपाळ्याच्या आकाराची खूण म्हणजे वाट फुटण्याची जागा. प्रत्येक अधिकाऱ्याला वा विभागाला पोहण्याच्या तलावातल्यासारखी स्वतंत्र मार्गिका मिळते. बाण एका मार्गिकेतून दुसरीत गेला की फाईलचे हात बदलले, हे नजरेनेच कळते.

महाराष्ट्रात हा विचार अगदी परका नव्हता. १९८०च्या दशकाच्या आरंभी अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कार्यालयीन कामाची जी घडी बसवली, ती ‘लखीना पॅटर्न’ म्हणून ओळखली गेली. त्यातली सहा गठ्ठे पद्धत, म्हणजे टेबलावरची प्रकरणे सहा गठ्ठ्यांत लावून ठेवण्याची रीत, सरकारी कर्मचाऱ्यांना ठाऊक असते. तीत चालू प्रकरणांचा गठ्ठा वेगळा आणि दुसऱ्या कोणाच्या उत्तराची वाट पाहणाऱ्या, म्हणजे प्रतीक्षाधीन प्रकरणांचा वेगळा. काम आणि प्रतीक्षा यांची ही फारकत आरेखनाचाही पाया आहे. फरक इतकाच, की गठ्ठा एका टेबलावरचा असतो आणि आकृतीत सगळी टेबले एकदम येतात.

नागपुरात अशी आकृती काढायला बसले, की पहिली शंकरपाळी अर्ज लिहिण्याआधीच येते : अर्ज द्यायचा कोणाकडे? सिव्हिल लाइन्समध्ये मुख्यालय असलेली महानगरपालिका आहे, तिची दहा झोन कार्यालये आहेत. १९३६ च्या कायद्याने स्थापन झालेला नागपूर सुधार प्रन्यास आहे. शहराबाहेरच्या पट्ट्यासाठी २०१७ पासून महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे. शहराच्या आतली अधिकारिता महापालिका आणि प्रन्यास यांच्यात बदलत आली आहे. भर म्हणून गुंठेवारीचे, म्हणजे परवानगीशिवाय छोटे भूखंड पाडून विकलेले लेआउट. त्यांच्यासाठी २००१ चा स्वतंत्र अधिनियम, आणि घर बांधण्याआधी भूखंड नियमित करून घेण्याचे वेगळे प्रकरण. भूखंड नियमित झाल्याच्या पत्राला नागपुरात सगळे ‘आरएल’ म्हणतात. भूखंड विकत घेणारा भाव विचारण्याआधी ‘आरएल झालंय का?’ असे विचारतो. मंजुरीच्या आकृतीत हा टप्पा नसेल, तर ती नागपूरची आकृती नव्हे.

पुढची वाट ओळखीची आहे. वास्तुविशारद नकाशा, मालकीचे कागद, आखीव पत्रिका किंवा सातबारा आणि मोजणीचा नकाशा दाखल करतो. आवक नोंद होते, छाननी होते, कनिष्ठ अभियंता जागा पाहतो, टिपणी चढत चढत वर जाते. मोठ्या इमारतीसाठी अग्निशमन विभागाचा दाखला लागतो. सोनेगावच्या विमानतळामुळे उंचीची परवानगी लागू शकते. मग डिमांड निघते, पैसे भरले जातात आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळते.

या वाटेवर खरा वेळखाऊ बाण मागे जाणारा असतो. कचेरीच्या भाषेत ‘त्रुटी काढली’. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ नुसार नियोजन प्राधिकरणाने ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते, अर्थात नकाशा नियमांत चोख बसत असेल तरच. पण हे ६० दिवस अर्ज मिळाल्यापासून किंवा मागितलेल्या माहितीचे उत्तर मिळाल्यापासून, यांपैकी जे नंतरचे असेल तेव्हापासून मोजायचे. म्हणजे एकोणसाठाव्या दिवशी ‘शेजाऱ्याच्या हद्दीचे माप स्पष्ट करावे’ असे एका ओळीचे पत्र गेले, तर उत्तर येताच घड्याळ पुन्हा शून्यावर. कायद्यात खोट नाही. अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्या असे कोणता कायदा सांगेल? मात्र किती वेळा आणि कोणत्या टप्प्यावर त्रुटी काढायची, हे प्रक्रियेत ठरवून दिलेले नसेल तर मुदत नावापुरती उरते. नुसती पुढे जाणारी चौकटींची रांग काढून ‘प्रक्रिया सात टप्प्यांची’ असे सांगणारे फलक म्हणूनच निरुपयोगी ठरतात.

या मागच्या बाणाचे गणित सोपे आहे. दाखल होणाऱ्या दर दोन फायलींपैकी एक परत जात असेल, तर एका मंजुरीसाठी सरासरी दोन फेऱ्या होतात. परत जाण्याचे प्रमाण चारात एकवर आणले, तर फेऱ्या सव्वापेक्षा थोड्याच जास्त उरतात आणि छाननीच्या टेबलावरचा भार तिसऱ्या हिश्शाने हलका होतो, एकही पद न भरता. दुसरे सूत्र जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेले : प्रलंबित प्रकरणांना रोजच्या निकाली प्रकरणांनी भागले, की सरासरी मुक्काम कळतो. समजा, ३०० प्रकरणे पडून आहेत आणि रोज ५ निघतात. मुक्काम ६० कामाचे दिवस, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्यात बारा आठवडे. ‘आमच्याकडे फाईल थांबत नाही’ असे म्हणणाऱ्या साहेबांना हा भागाकार तोंडी करून दाखवता येतो.

सुधारित आकृतीत काय बदलते? सगळ्या त्रुटी एकाच वेळी, पहिल्याच छाननीत काढायच्या, हा सर्वांत मोठा बदल. दाखले एकामागून एक न मागवता एकदम मागवायचे : उदाहरणादाखल १५, ३० आणि १० दिवसांचे तीन दाखले ओळीने घेतले तर ५५ दिवस, एकत्र घेतले तर ३०. जागेची पाहणी आठवड्यातल्या एकाच ठरावीक वारी होत असेल, तर त्या वाराची वाट पाहणेही आकृतीत लिहायचे. आणि साध्या प्रकरणांना अवघड प्रकरणांच्या रांगेतून बाहेर काढायचे. राज्याच्या डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने नेमके हेच केले. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील घरासाठी नकाशा आणि शुल्क भरल्याची पोच पुरते; ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांची मुदत आहे. नागपुरी लेआउटमधला ‘तीस बाय पन्नास’ भूखंड जेमतेम १४० चौरस मीटरचा, म्हणजे तो पहिल्याच वर्गात बसतो. अर्थात, आरएल झालेला असेल तर.

संगणकीकरण या सगळ्यानंतर यायला हवे. प्रत्यक्षात ते बहुधा आधी येते. राज्याच्या ऑनलाइन बांधकाम परवानगी प्रणालीचे लघुरूप ‘बीपीएमएस’ असे आहे. प्रक्रिया व्यवस्थापनाच्या ‘बीपीएम’शी ते जुळते, पण संबंध केवळ अक्षरांचा. जुनी वाट तशीच ठेवून ऑनलाइन केली, तर ट्रेमधली फाईल ‘लॉगिन’मध्ये पडून राहते. एक फायदा मात्र मोठा : प्रत्येक टप्प्याची तारीख आपोआप नोंदली जाते आणि आकृती आठवणींवर न काढता नोंदींवरून काढता येते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांत दिरंगाई झाल्यास अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. तिथेही या तारखाच पुरावा ठरतात.

काही गोष्टी चिन्हलिपीत बसत नाहीत. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरले की अधिकाऱ्यांचे दिवस माहिती पुरवण्यात जातात. आकृतीत त्यासाठी घड्याळाची खूण टाकता येते, पण ती टाकायचे सहसा कोणाला सुचत नाही. फाईलवर ‘वजन’ ठेवण्याच्या प्रथेला तर खूणच नाही. ती शोधायची तर एकाच प्रकारची दोन प्रकरणे एकाच टेबलावर किती वेगवेगळे दिवस थांबली, हे पाहावे लागते.

जाड वर्तुळ कुठे काढायचे, हाही वादाचा मुद्दा आहे. कचेरीच्या लेखी प्रारंभ प्रमाणपत्र दिले की प्रकरण संपते. घरमालकाला पुढे जोते तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र हवे असते. पुष्कळ आकृत्या पहिल्या कागदापाशीच थांबतात, आणि भोगवट्याच्या फायली कोणत्याच मार्गिकेत दिसत नाहीत.