एक्सटीचे आठ स्लॉट आणि कोल्हापूरची मराठी

कोल्हापुरातल्या जुन्या पेढ्या, पतसंस्था, साखर कारखान्यांची हिशेब खाती, उद्यमनगरातली वर्कशॉपं यांच्या माळ्यांवर अजूनही अधूनमधून एक जड पत्र्याची पेटी निघते. मूळचा पांढुरका रंग आता पिवळट पडलेला, पुढच्या बाजूला सव्वापाच इंची फ्लॉपीच्या फटी, सोबत काचेचा बोजड मॉनिटर. त्या काळात काम केलेली माणसं तिला नुसतं ‘एक्सटी’ म्हणतात. ती बहुतेक वेळा आयबीएमची नसतेच. तिच्यावर एखाद्या भारतीय कंपनीचं नाव असतं किंवा कुठलंच नसतं, आणि आत तैवानी मदरबोर्ड असतो. अमेरिकेतल्या एका यंत्राची नक्कल इथवर कशी आली आणि तिच्यात मराठी कशी शिरली, हे समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागतं. प्रोसेसर आणि डिस्क यांचं कौतुक पुष्कळ झालं. मला स्वतःला या यंत्राचा खरा मोठेपणा त्याच्या रिकाम्या स्लॉटांत, म्हणजे जादा कार्डं खोचायच्या खाचांत, दिसतो.

आयबीएमनं १२ ऑगस्ट १९८१ रोजी ‘५१५०’ हा आपला पहिला पीसी बाजारात आणला. डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखाली फ्लोरिडातल्या बोका रेटन इथं तो तयार झाला, तोही साधारण एका वर्षात. एवढ्या कमी वेळात प्रत्येक भाग स्वतः घडवणं शक्य नव्हतं, म्हणून त्या गटानं बाजारात मिळणाऱ्या चिपा उचलल्या. प्रोसेसर इंटेलचा ८०८८ घेतला. त्यात सुमारे २९,००० ट्रान्झिस्टर. आतलं गणित तो १६ बिटांत करतो, पण बाहेरच्या चिपांशी देवाणघेवाण एका वेळी ८ बिटांचीच. साखर कारखान्यात ऊस टाकायची गव्हाण लांबरुंद असावी आणि फाटकातून मात्र एका वेळी एकच गाडी आत यावी, तसा प्रकार. यामुळं वेग मार खायचा, पण आजूबाजूच्या ८ बिटी चिपा स्वस्तात आणि सहज मिळत, त्यामुळं पूर्ण बोर्डाची किंमत आटोक्यात राहिली.

४.७७ मेगाहर्ट्‌झ हा त्याचा वेग विचित्र वाटतो. त्याचं मूळ अमेरिकेच्या रंगीत टीव्हीत आहे. बोर्डावर १४.३१८१८ मेगाहर्ट्‌झचा एकच क्रिस्टल होता. त्याला चारानं भागलं की अमेरिकन टीव्हीच्या रंगसंकेताची वारंवारिता मिळते, तिनानं भागलं की प्रोसेसरचा वेग. एका क्रिस्टलवर दोन्ही कामं भागली. ६४० किलोबाइटची प्रसिद्ध मर्यादाही अशाच एका निर्णयातून आली. ८०८८ ला पत्त्यांच्या २० तारा, म्हणजे एकूण १ मेगाबाइट जागा. त्यातली वरची ३८४ किलोबाइट पडदा, कार्डं आणि बायोस (मशीन चालू होताच पहिला चालणारा, चिपेत कोरलेला प्रोग्रॅम) यांच्यासाठी राखली, खाली ६४० उरली. पुढची दहा-बारा वर्षं जगभरचे प्रोग्रॅमर त्या ६४० मध्ये जागा शोधत राहिले.

आयबीएमनं तांत्रिक माहितीचं जाडजूड पुस्तकही विकायला ठेवलं. त्यात सगळे सर्किट-नकाशे होते आणि बायोसचा पूर्ण कोडही छापलेला होता. कार्ड बनवणाऱ्याला स्लॉटच्या कुठल्या पिनेवर काय येतं हे त्यातून कळे. बायोसवर मात्र स्वामित्वहक्क होता, त्यामुळं तो कोड जसाच्या तसा वापरता येत नव्हता. कॉम्पॅक या अमेरिकन कंपनीनं यावर मार्ग काढला. मूळ कोड न पाहिलेल्या माणसांकडून, फक्त कामाच्या वर्णनावरून, तसाच वागणारा नवा बायोस लिहून घेतला. १९८४ मध्ये फिनिक्स कंपनी असा बायोस कुणालाही विकू लागली. तिथून तैवानच्या कारखान्यांची वाट मोकळी झाली, आणि आपल्याकडच्या पेट्यांचीही.

माळ्यावरची पेटी ज्या यंत्राची नक्कल आहे ते एक्सटी, म्हणजे ‘५१६०’, ८ मार्च १९८३ रोजी आलं. प्रोसेसर तोच, वेगही तोच. फरक होता तो जागेत आणि ताकदीत. पाचाऐवजी आठ स्लॉट, ६३.५ वॉटच्या जागी १३० वॉटचा पॉवर सप्लाय, कॅसेटचं सॉकेट गेलेलं आणि आत हार्ड डिस्क. सुरुवातीची डिस्क १० मेगाबाइटची. तिचं गणित हातानं मांडता येतं: ३०६ सिलिंडर, ४ हेड, प्रत्येक ट्रॅकवर १७ सेक्टर, सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार येतो १,०६,५३,६९६ बाइट. आज मोबाइलवर काढलेले दोन-तीन फोटोही त्यात मुश्किलीनं बसतील, पण एका फ्लॉपीत ३६० किलोबाइट मावत असताना ही डिस्क म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीस फ्लॉप्या एका जागी. भारतात पुढं जास्त दिसली ती २० मेगाबाइटची.

या डिस्कांचं वागणं ज्यांनी पाहिलं त्यांच्या ते कानात बसलेलं असतं. हेड सरकवायला स्टेपर मोटर होती, त्यामुळं फाइल शोधताना टकटक-घरघर ऐकू येई. मशीन हलवायचं असेल तर आधी पार्कचा प्रोग्रॅम चालवून हेड सुरक्षित जागी न्यावं लागे, नाहीतर धक्क्यानं ते तबकडीवर आपटे. डिस्कच्या झाकणावर खराब ट्रॅकांची यादी चिकटवलेली असे, आणि फॉरमॅट करणारा माणूस ती यादी बघून आकडे भरी. डीबग हा डॉससोबत येणारा प्रोग्रॅम उघडून ‘जी=सी८००:५’ टाइप केलं की डिस्कच्या कार्डावरच्या रॉममधला, म्हणजे कायमच्या कोरलेल्या चिपेतला, फॉरमॅटचा प्रोग्रॅम सुरू होई. त्या काळच्या दुरुस्तीवाल्यांना हा मंत्र तोंडपाठ होता.

मेमरीसुद्धा नजरेनं मोजता येई. पूर्ण ६४० किलोबाइट भरलेल्या बोर्डावर चार रांगांत नऊ-नऊ अशा ३६ चिपा. रांगेतली नववी चिप पॅरिटीची, म्हणजे बाकीच्या आठांनी नोंद बरोबर ठेवली का ते तपासणारी. बोर्डावर आठ छोटे डिप-स्विच असत. फ्लॉपी ड्राइव्ह किती, पडदा कुठला, मेमरी किती, हे यंत्राला त्या स्विचांवरून कळे. आणि घड्याळाला बॅटरीच नव्हती. मशीन चालू केलं की डॉस, म्हणजे यंत्राची कार्यप्रणाली, आधी तारीख विचारी, मग वेळ. हिशेबाच्या कामात ती तारीख चुकीची टाकली की पुढं निस्तरणं आलंच.

पडद्याची गोष्ट मला या सगळ्यात जास्त जवळची वाटते. आयबीएमच्या मोनोक्रोम, म्हणजे एकरंगी, कार्डावर अक्षरं सुरेख दिसत, पण फक्त रॉममध्ये कोरलेली. चित्र काढायची सोय नाही. रंगीत कार्डावर चित्र निघे, पण अक्षरं ओबडधोबड. १९८२ मध्ये हर्क्युलीस नावाचं कार्ड आलं, ७२० बाय ३४८ ठिपक्यांचं, त्याच मोनोक्रोम पडद्यावर चित्रही काढणारं. ते तयार करणारे व्हॅन सुवन्नुकुल मूळचे थायलंडचे. आपला पीएचडीचा प्रबंध पीसीवर थाई लिपीत काढता यावा, ही त्यांची गरज होती. आयबीएमनं रोमन सोडून दुसऱ्या लिपीचा विचार केलेला नसताना एका माणसानं स्लॉटमध्ये कार्ड खोचून आपली लिपी पडद्यावर आणली. भारतात पुढं ‘मोनो’ म्हणून जे हिरवे आणि केशरी पडदे सर्रास चालले, त्यामागं बहुतेक या हर्क्युलीसचीच नक्कल असे.

भारतात या यंत्रांची वाट थोडी आडवळणी होती. परकीय चलन कायद्याच्या अटींवरून आयबीएमनं १९७८ मध्ये देश सोडला होता. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणानं सुट्या भागांची आयात सोपी केली. एचसीएल, विप्रो, झेनिथ अशा कंपन्यांचे पीसी त्यानंतर जोरात बाजारात आले. त्याच सुमाराला, १९८३ पासून, महाराष्ट्रानं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. कोल्हापुरात केआयटी (कोल्हापूर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) १९८३ ला आणि कसबा बावड्याचं डी. वाय. पाटील महाविद्यालय १९८४ ला सुरू झालं. यंत्र खोलून बघायची सवय तर उद्यमनगराला कितीतरी आधीपासून होती. ऑइल इंजिनांपासून ओतकामापर्यंतचा धंदा त्याच सवयीवर उभा राहिला. एक्सटीचं झाकण पाच स्क्रूंचं, आत प्रत्येक कार्ड एका स्क्रूनं धरलेलं. अशा गावाला हे यंत्र परकं वाटायचं काही कारण नव्हतं.

त्याचे लाड मात्र खूप झाले. वेगळी केबिन, एसी, स्टॅबिलायझर, चपला दाराबाहेर. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत यातलं निदान धुळीचं भय खरं होतं. हार्ड डिस्क बंद पेटीत असते, पण फ्लॉपी ड्राइव्हचं हेड उघडं असतं आणि मोल्डिंगच्या वाळूची काळी पूड कुठंही शिरते.

खरं काम होतं याद्यांचं. साखर कारखान्याकडं हजारो ऊस उत्पादक सभासद. प्रत्येकाचं गाव, प्रत्येक खेपेचं वजन, तोडणी-वाहतूक, कर्जाची कपात, मग बिल. डीबेस थ्री प्लस हा नोंदी ठेवायचा प्रोग्रॅम त्यासाठी चोख हत्यार होता. अडचण एकच: सगळं रोमनमध्ये. महाराष्ट्रात राजभाषा अधिनियम १९६४ चा. संस्थांची रजिस्टरं, नोटिसा, सातबारे सगळे मराठीत. एकच आडनाव एका ऑपरेटरनं एका स्पेलिंगनं भरलं, दुसऱ्यानं दुसऱ्या, की डीबेसच्या लेखी ती दोन माणसं.

इथं पुन्हा स्लॉट कामाला आला. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे यांच्या गटानं १९८३ मध्ये देवनागरी संगणक करून दाखवला होता. ते काम पुढं पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत आलं. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. तिथल्या ‘जिस्ट’ कार्डाची कल्पना मला आजही थक्क करते. कार्ड स्लॉटमध्ये बसवायचं, आणि डीबेस, मजकूर लिहायचा वर्डस्टार, आकड्यांचे तक्ते मांडायचा लोटस यांच्यात एक अक्षरही न बदलता मराठी लिहायची. त्या प्रोग्रॅमांना आपण मराठी हाताळतोय याचा पत्ताही नसे. त्यांच्या दृष्टीनं ते फक्त १२८ च्या वरचे बाइट. ते बाइट ओळखून जोडाक्षरं, वेलांट्या, रफार पडद्यावर उभे करायचं काम जिस्टचं.

त्यामागची संकेतावली म्हणजे इस्की, पुढं १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून आलेली. तिच्यात अक्षर कसं दिसतं याऐवजी ते कोणतं आहे याची नोंद होते. ‘कोल्हापूर’ लिहायला नऊ बाइट: क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, ऊकार, र. संकेतांचा क्रम वर्णमालेचा, त्यामुळं नावांची यादी लावली की ती बहुतांशी आपल्या ओळखीच्या क्रमात लागे. आणि बहुतेक भारतीय लिप्यांतल्या सारख्या वर्णांना एकच संकेत, म्हणून लिपी बदलली की तीच यादी कन्नडमध्ये दिसे. कर्नाटकातल्या निपाणीच्या रस्त्यावर दोन्ही लिप्यांत व्यवहार करणाऱ्या या भागाला याचं मोल सांगायला नको. भारतीय लिप्यांचा इनस्क्रिप्ट कीबोर्डही याच घरातला. तो आजच्या विंडोजमध्येही आहे.

पुढं २८६, ३८६ या नव्या प्रोसेसरांची यंत्रं आली, मग विंडोज. छपाईच्या कामात फाँटांवर बेतलेली मराठी आली. तिथं बाइट अक्षराचा न राहता अक्षराच्या तुकड्याचा झाला. प्रत्येक कंपनीचे तुकडे वेगळे, म्हणून एका फाँटातला मजकूर दुसऱ्यात उघडला की कचरा. माझ्या मते मराठी संगणनाचं हे एक पाऊल मागं होतं. आज जगभर चालणाऱ्या युनिकोड या संकेतावलीनं देवनागरीची मांडणी करताना आधार घेतला तो इस्कीचाच. त्यामुळं १९९० च्या आसपास जिस्टवर भरलेली सभासद यादी आज युनिकोडमध्ये आणणं, मधल्या काळातल्या फाँटी फाइलींपेक्षा कितीतरी सोपं आहे.

म्हणून अशी पेटी निघाली तर ती किलोवर देण्याआधी आतल्या डिस्कचा विचार व्हायला हवा. ती थेट वीज लावून सुरू करू नये. त्या काळचे टँटलम कपॅसिटर इतक्या वर्षांनी शॉर्ट होतात, आणि कधीकधी फटाक्यासारखे फुटतात. आधी पॉवर सप्लाय वेगळा तपासून घ्यावा. डिस्कला दोन पट्ट्यांसारख्या केबली असतात, एक रुंद आणि एक अरुंद. ती आजच्या कुठल्याही संगणकाला जोडता येत नाही. मुख्य म्हणजे, एका कंट्रोलर कार्डानं फॉरमॅट केलेली डिस्क दुसऱ्या बनावटीच्या कार्डाला बहुधा वाचता येत नाही. डिस्क काढली तर ज्या कार्डाला ती जोडलेली होती ते कार्डही तिच्यासोबतच ठेवावं, केबलींसकट.