गाठीपर्यंत पोचलं किती, गाठीनं धरलं किती : पेट स्कॅनमागची पार्श्वभूमी

सांगली-मिरजेत कर्करोगाचे उपचार घेणाऱ्याच्या फाइलीत पेट-सीटीचा (किरणोत्सारी द्रव्य टोचून ते शरीरात कुठे साठतं ते दाखवणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट आला की घरचे लोक आधी एकच आकडा शोधतात : एसयूव्ही, म्हणजे गाठीत ते द्रव्य किती साठलं याचं माप. आकडा मोठा असला तर गाठ जहाल, आणि उतरला तर औषध लागू पडलं. हा हिशेब बराचसा बरोबर आहे, पण पुरा नाही. सुईतून दिलेल्या किरणोत्सारी द्रव्यातलं रक्तानं गाठीपर्यंत किती पोचवलं आणि पोचलेल्यातलं पेशींनी किती धरून ठेवलं, या दोन्ही गोष्टी त्या एका आकड्यात मिसळलेल्या असतात. त्या सुट्या करायला शास्त्राला पाऊण शतक लागलं. रिपोर्ट हातात घेणाऱ्या घरांपर्यंत हा इतिहास पोचायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

१९२३ साली जॉर्ज द हेवेशी यांनी शेंगवर्गीय रोपांना किरणोत्सारी शिशाचं द्रावण दिलं आणि ते मुळापासून पानापर्यंत कुठवर चढतं ते मोजलं. माणसाच्या शरीरात हीच कल्पना आणली ती बोस्टनच्या हर्मन ब्लुमगार्ट यांनी, १९२५ ते १९२७च्या सुमारास. त्यांनी एका दंडात किरणोत्सारी द्रव्य टोचलं आणि दुसऱ्या हातापाशी ते कधी येतं ते टिपलं. निरोगी माणसात साधारण १८ सेकंद लागत. म्हणजे माणसावरच्या या पद्धतीचा पहिला उपयोग झाला तो रक्ताचा प्रवास मोजायला. गाठींचा विषय नंतर आला.

१९४८मध्ये मिनेसोटात जॉर्ज मूर यांनी आयोडीन जोडलेला रंग देऊन मेंदूतल्या गाठी शोधल्या. गाठ चमकली, पण तिला त्या रंगाची गरज होती म्हणून नव्हे. निरोगी मेंदूतल्या रक्तवाहिन्या असा रंग बाहेर पडू देत नाहीत. गाठीतल्या वाहिन्या गळक्या असल्यामुळे तो तिथे झिरपला होता. चमक दिसली म्हणजे पेशी ते द्रव्य खातेच आहे असं नाही, हे तेव्हापासून लक्षात ठेवावं लागलं.

सेमूर केटी यांनी १९५१मध्ये रक्तप्रवाह आणि ऊतींत साठणारं द्रव्य यांचं गणित मांडलं. पुढे रेंकिन यांनी १९५९मध्ये आणि क्रोन यांनी १९६३मध्ये वाहिनीच्या भिंतीचा वाटा त्यात आणला. त्याचा मथितार्थ असा : द्रव्य भिंतीतून सहज पार होत असेल, तर ऊतीत किती शिरणार हे रक्त किती येतं यावर ठरतं. ते अवघड जात असेल, तर रक्त कितीही वाढवा, अडसर भिंतीचाच राहतो. किरणोत्सारी ऑक्सिजन असलेलं पाणी पहिल्या प्रकारचं, म्हणून ते रक्तप्रवाह मोजायला उत्तम. मोठ्या रेणूंची प्रतिपिंडं दुसऱ्या प्रकारची.

गाठीत हे गणित आणखी अवघड होतं, कारण तिथल्या वाहिन्या वेड्यावाकड्या असतात. थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी १९५५मध्ये फुप्फुसाच्या गाठींचे काप तपासले. रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढ्या अंतरापलीकडे ऑक्सिजन पोचत नव्हता आणि तिथल्या पेशी मेलेल्या होत्या. कालव्याच्या टेलच्या शेताची गत आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. गाठीच्या आत तशीच टेलं जागोजाग असतात. १९७१मध्ये जुडा फोकमन यांनी गाठ वाढण्यासाठी स्वतःच नव्या वाहिन्या ओढून घेते, हा विचार मांडला. आयआयटी कानपूरला शिकलेल्या राकेश जैन यांनी अमेरिकेत दाखवलं, की गाठीच्या आतल्या द्रवाचा दाब इतका चढलेला असतो की मोठे रेणू आत शिरतच नाहीत.

मग आली किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेली साखर, एफडीजी; आज पेट स्कॅनला बहुधा हीच टोचतात. ऑगस्ट १९७६मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत तयार झालेली ही साखर विमानानं फिलाडेल्फियाला नेऊन पहिल्यांदा माणसाला दिली गेली. कर्करोगाच्या पेशी साखर अधाशासारखी ओढतात हे ओटो वॉरबुर्ग यांनी १९२०च्या दशकातच सांगितलं होतं. पेशीत शिरलेल्या एफडीजीला फॉस्फेट चिकटतं आणि ती तिथेच अडकते. तासाभरानं चित्र घेतलं की बव्हंशी ही अडकलेली साखर दिसते, त्यामुळे रक्तप्रवाहाचा प्रश्न मागे पडला. तो मिटला मात्र नव्हता. २००२मध्ये सिएटलच्या डेव्हिड मॅनकॉफ आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या मोठ्या गाठींत रक्तप्रवाह आणि साखरेचा वापर दोन्ही मोजले. ज्या गाठींत साखरेची भूक मोठी पण रक्त त्या मानानं कमी, त्या केमोथेरपीला कमी दाद देत होत्या. २०१२मधलं ॲमस्टरडॅमचं काम तर डोळे उघडणारं आहे. फुप्फुसाच्या कर्करोगात बेव्हासिझुमॅब हे गाठीच्या नव्या वाहिन्यांना रोखणारं औषध दिल्यावर काही तासांतच गाठीचा रक्तप्रवाह उतरला, आणि त्यासोबत किरणोत्सारी खूण केलेलं डोसेटॅक्सेल हे केमोचं औषधही गाठीत कमी पोचू लागलं. शेवटी केमोही रक्तातूनच जाते.

आपल्या भागात हे मोजणं अवघड का, त्याचं उत्तर अर्धायुष्यात, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणाऱ्या वेळात आहे. एफडीजीतल्या फ्लोरिनचं अर्धायुष्य ११० मिनिटं. मुंबईहून सात तासांच्या रस्त्यानं मिरजेला आणली, तर शंभरातली सातच शिल्लक. पुण्याहून चार तासांत सांगलीला आली, तर पाव हिश्शाहून थोडी कमी. तरी आधीच जास्त डोस भरून हे जमवता येतं. रक्तप्रवाह मोजणाऱ्या किरणोत्सारी पाण्याचं अर्धायुष्य मात्र जेमतेम दोन मिनिटं. सायक्लोट्रॉन, म्हणजे अशी किरणोत्सारी द्रव्यं बनवणारं यंत्र, शेजारी असल्याखेरीज ते वापरताच येत नाही.

एक वाट उरते. एफडीजी टोचल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांत साखर अजून पुरती अडकलेली नसते, त्यामुळे तेव्हाचं चित्र मुख्यतः रक्तप्रवाहाचं असतं. त्यासाठी वेगळं औषध लागत नाही, फक्त सुई देतानाच रुग्ण मशिनखाली असावा लागतो. नेहमीच्या पद्धतीत सुई बाजूच्या खोलीत देतात आणि रुग्णाला तासभर शांत बसवून मगच आत नेतात. तोवर ती मिनिटं गेलेली असतात.